ओळख, नोंद आणि एक नेटवर्क कार्ड

संगणकदुरुस्तीच्या धंद्यात एक वाक्य निदान म्हणून चालतं : 'कार्ड डिटेक्ट होत नाही.' कार्ड म्हणजे नेटवर्क कार्ड, संगणकाला तारेनं दुसऱ्या संगणकाशी जोडणारा तळहाताएवढा तुकडा. हे वाक्य ऐकल्यावर यंत्राचा मालक पुढचा प्रश्न विचारत नाही. त्या वाक्याचा सूरच शेवटचा असतो. पण 'पेशंटला बरं वाटत नाही' हे जसं निदान नव्हे, तसंच हेही नव्हे. त्याच्या पोटात किमान पाच वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात आणि बहुतेक अवस्थांमध्ये कार्ड ठणठणीत असतं.

साहित्याच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. माझं बरंचसं आयुष्य जुनी दप्तरं, इनामांच्या याद्या आणि गावोगावच्या नोंदवह्या चाळण्यात गेलं. लिनक्स मी त्या कामाच्या गरजेपोटी, कुणाच्या हाताखाली न शिकता, चाचपडत शिकलो. आणि दोन्हीकडे मला सारखीच गोष्ट दिसत राहिली : एखादी वस्तू 'अनोळखी' ठरते तेव्हा दोष बहुतेक वेळा वस्तूत नसतो, नोंदीत असतो. कुठल्या वहीत नोंद नाही, किंवा कुठल्या वहीत चुकीची आहे, एवढं शोधायचं असतं.

एक उदाहरण पुढे सारखं लागणार आहे, म्हणून आधीच सांगतो. तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय. तिथं एका जुन्या संगणकावर डेबियन नावाच्या लिनक्सची २०११ सालची आवृत्ती चालत होती आणि वाचनालयाची सगळी ग्रंथसूची त्यात होती. निवृत्त झालेल्या ग्रंथपालबाईंनी दाखल नोंदवह्या समोर ठेवून ती वर्षानुवर्षं भरली होती. देवघेवीच्या टेबलावरचे दोन संगणक तारेनं या संगणकाला विचारूनच पुस्तकाचा पत्ता सांगत. वळवाच्या पावसात वीज कोसळली आणि मदरबोर्डवरचं नेटवर्कचं पोर्ट गेलं. तंत्रज्ञानं दुसरं कार्ड आणून बसवलं, पाहिलं आणि तेच वाक्य म्हटलं. मशीन जुनं झालं, आता नवं घ्या, सूची पुन्हा भरून घ्या. कार्यकारिणीच्या सभेत भंगाराचा ठराव मांडायचा एवढंच बाकी होतं.

कार्ड स्वतःची ओळख कशी सांगतं, तिथून सुरुवात करू. १९९२ साली पीसीआय नावाची पद्धत आली. मदरबोर्डवरच्या ज्या खाचांत कार्डं खोचतात, त्या खाचांची ही बोलीभाषा. या पद्धतीत प्रत्येक कार्डाच्या पोटात २५६ बाइटांची एक छोटी कोरी पाटी असते आणि तिच्यावर अगदी सुरुवातीला दोन आकडे कोरलेले असतात : पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा त्या वस्तूचा. आकडे सोळा-आधारी असतात, म्हणजे शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ. बनवणाऱ्यांचे आकडे पीसीआय-सिग ही संस्था वाटून देते. रिअलटेक या तैवानी कंपनीचा आकडा १०ईसी. इंटेलनं स्वतःसाठी ८०८६ मिळवला, जो तिच्या गाजलेल्या प्रोसेसरचाही क्रमांक आहे. गाडीसाठी पसंतीचा नंबर घेणाऱ्यांची हौस आपल्या चांगली परिचयाची आहे. संगणक सुरू होताना प्रत्येक खाचेपाशी जाऊन 'कोण आहे?' विचारतो. कार्ड असेल तर आकडे सांगतं. खाच रिकामी असेल तर एफएफएफएफ असं उत्तर येतं. तो आकडा म्हणूनच कुठल्या कंपनीला दिलेला नाही.

याआधीच्या आयएसए पद्धतीत हे काहीच नव्हतं. नॉव्हेल कंपनीचं एनई-२००० हे कार्ड आणि त्याच्या असंख्य नकला त्या काळात घरोघर होत्या, पण कार्ड आपण होऊन बोलत नसे. ड्रायव्हरनं, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या आज्ञावलीनं, ठरावीक पत्त्यांवर जाऊन दार ठोठावायचं : आधी ३००, मग २८०, मग ३२०. आतून मिळालेल्या बाइटांपैकी चौदावा आणि पंधरावा (मोजणी शून्यापासून) दोन्ही ५७ निघाले, म्हणजे डब्ल्यू डब्ल्यू, की समजायचं एनई-२००० घरी आहे. चुकून दुसऱ्याच कुठल्या कार्डाचं दार ठोठावलं तर यंत्र जागच्या जागी गोठायचं. लिनक्सचे सुरुवातीचे असे कितीतरी नेटवर्क ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. अमेरिकेत नासाच्या गॉडर्ड केंद्रात १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि त्यांनी सोळा साधे संगणक इथरनेटनं जोडून 'बेओवुल्फ' हा समूह-संगणक उभा केला, तो याच कामाच्या जोरावर. स्वस्त कार्डं ओळखता आली म्हणून महागड्या महासंगणकाला पर्याय निघाला.

पीसीआय आल्यावर दार ठोठावणं संपलं. पण आकडा सांगितला म्हणजे ओळख पटली असं होत नाही. इथं दोन स्वतंत्र वह्या येतात आणि माझ्या मते निम्मा गोंधळ या दोन वह्या एकच समजल्यानं होतो.

लिनक्सवर 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की खाचांमधल्या वस्तूंची नावानिशी यादी दिसते. ही नावं कार्ड सांगत नाही. कार्ड फक्त आकडे सांगतं. नावं 'पीसीआय.आयडीज' नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीतून येतात. मार्टिन मारेश या चेक संगणकशास्त्रज्ञानं सुरू केलेली ही यादी जगभरचे लोक नोंदी पाठवून वाढवत आले आहेत. ती माणसांसाठी आहे. कर्नल (सैन्यातला नव्हे, लिनक्सचा गाभा) ती वहीच उघडत नाही. त्याची वही वेगळी : प्रत्येक ड्रायव्हरच्या आत 'मी या या आकड्यांची कार्डं सांभाळतो' असा तक्ता असतो आणि त्या सगळ्या तक्त्यांची मिळून 'मॉड्यूल्स.एलियास' नावाची सूची बनते. कार्डाचा आकडा तिथं सापडला तर कर्नल तो ड्रायव्हर बोलावतो. म्हणून 'एलएसपीसीआय'मध्ये कार्डाचं संपूर्ण नाव, गाव दिसूनही ते कर्नलला परकं असू शकतं. उलट, यादीत नुसतं 'डिव्हाइस' आणि आकडा दिसत असताना कार्ड मजेत काम करत असतं. याच आज्ञेला '-एनएनके' ही अक्षरं जोडली की नावासोबत आकडे आणि 'सध्या वापरात असलेला ड्रायव्हर' अशी ओळही येते. ती ओळ आहे की नाही, यावरून पुढचा रस्ता ठरतो.

यादीत कार्ड मुळीच दिसत नसेल, तर मात्र लिनक्सला बोल लावण्यात अर्थ नाही. तिथं हातानं करायची कामं आहेत : तार काढून यंत्र बंद करणं, कार्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसणं, खाचेतली धूळ उडवणं, दुसरी खाच वापरून पाहणं. मदरबोर्डवरचं पोर्ट असेल तर बायॉसमध्ये ते कुणी बंद करून ठेवलेलं नाही ना, हे बघणं. हे सगळं करूनही एफएफएफएफच येत असेल तर कार्ड गेलं.

वाचनालयातलं कार्ड यादीत दिसत होतं : १०ईसी:८१३९. रिअलटेकचं हे ८१३९ म्हणजे नेटवर्क कार्डांमधली सायकल. स्वस्त, सगळीकडे, कुठंही दुरुस्त. आणि लिनक्समध्ये या एकाच आकड्यावर दोन ड्रायव्हर हक्क सांगतात. '८१३९सीपी' हा पुढच्या, सुधारित चिपसाठी. '८१३९टू' हा बाकी साऱ्यांसाठी. कर्नल दोघांनाही बोलावतो. सीपी कार्डाचा आवृत्ती-क्रमांक बघतो आणि साध्या कार्डाच्या बाबतीत नोंद करतो की ही चिप माझ्या जातीची नाही, '८१३९टू' वापरा. मग टू येऊन कार्ड ताब्यात घेतो. कर्नलची रोजनिशी ('डीमेसेज' आज्ञेनं दिसते ती) वाचताना ही नकाराची ओळ कितीतरी जणांना बिघाड वाटते. खरं तर सरकारी कचेरीत क्वचित मिळणारी वागणूक आहे ती : हे काम माझ्याकडे नाही, पलीकडच्या टेबलावर जा, असं नेमकं सांगणारा कारकून.

आकडा एक आणि आतली चिप वेगळी, हा प्रकार रिअलटेकच्याच १०ईसी:८१६८ मध्ये फार पुढे गेला. एकाच आकड्याखाली वर्षानुवर्षं चिपच्या नवनव्या पिढ्या आल्या. आमच्याकडे एका गावात एकाच नावाचे चार पाटील असतात आणि पोस्टमन आजोबांच्या नावावरून फरक करतो. तसा 'आर८१६९' हा ड्रायव्हर चिपच्या आतला आणखी एक खुणेचा क्रमांक वाचून पिढी ठरवतो. जुन्या कर्नलमध्ये नवं कार्ड खोचलं की आकडा ओळखीचा निघतो, पिढी निघत नाही. अलीकडचे कर्नल अशा वेळी 'अनोळखी चिप, ड्रायव्हरच्या देखभालकर्त्यांशी संपर्क साधा' असं लिहून मोकळे होतात. इथं उपाय दोनच : कर्नल नवा घ्या, नाहीतर कार्ड जुनं घ्या. जुन्या यंत्रासाठी मी नेहमी दुसरा निवडतो. भंगारातून काढलेलं कार्ड पन्नास ठिकाणी चाललेलं असतं आणि त्याची नोंद सगळ्या वह्यांत असते.

चिप ओळखीच्या घराण्यातली, पण आकडा तक्त्यात नाही, असंही होतं. त्यासाठी कर्नलनं एक खिडकी ठेवली आहे : ड्रायव्हरच्या 'न्यू_आयडी' या फाइलीत आकडा लिहिला की ड्रायव्हर ते कार्ड घेऊन बघतो. ही पेन्सिलीनं केलेली नोंद. यंत्र बंद केलं की पुसली जाते. चाललं तर तो आकडा देखभालकर्त्यांना कळवावा, म्हणजे ती शाईनं होते. बऱ्याच नोंदी अशाच आल्या आहेत.

आणि कधी कधी तक्ता लिहायला माहितीच नसते. एनव्हिडियानं 'एनफोर्स' मदरबोर्डांवरच्या नेटवर्क पोर्टाचं तांत्रिक वर्णन खुलं केलं नव्हतं. तिचा स्वतःचा ड्रायव्हर बंदिस्त होता. तेव्हा कार्ल-डॅनिअल हाइलफिंगर आणि अँड्र्यू द क्विन्सी यांनी उलटा माग काढून पोर्ट कसं चालतं याचं वर्णन लिहिलं आणि ते वर्णन समोर ठेवून मॅन्फ्रेड श्प्राउल यांनी ड्रायव्हर लिहिला. शोधणारे वेगळे, लिहिणारा वेगळा, म्हणजे नकलेचा आरोप येऊ नये. ड्रायव्हरचं नाव 'फोर्सडीथ'. संशोधनाचा हा मला माहीत असलेला एक फार स्वच्छ नमुना आहे. मूळ कागद मिळत नाही तेव्हा आम्हीही परिणामांवरून कागदाचा अंदाज बांधतो, पण इतकी शिस्त आमच्यात नाही.

या पोर्टांची एक गंमत होती. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक कायमचा पत्ता असतो, मॅक पत्ता. एनफोर्सच्या जुन्या बोर्डांत तो उलट्या क्रमानं साठवलेला असे, म्हणून ड्रायव्हर तो उलटून वाचे. पण काही बोर्डांत तो आधीच सुलटा असे. तो उलटला की निरर्थक व्हायचा. मग ड्रायव्हर रोजनिशीत लिही : पत्ता अवैध आहे, हार्डवेअर विक्रेत्याकडे तक्रार करा, तूर्त मी मनाचा पत्ता घेतो. हा मनाचा पत्ता प्रत्येक वेळी वेगळा. त्याचे परिणाम काय होत, ते लगेच येईलच.

फर्मवेअरची अवस्था थोडक्यात. काही कार्डांना ड्रायव्हर पुरत नाही. सुरू होताना त्यांच्यात एक तयार आज्ञावली ओतावी लागते. तिचा मूळ मजकूर कंपनी देत नाही, म्हणून डेबियननं २०११ च्या आवृत्तीपासून ती कर्नलमधून वेगळी काढली. तात्त्विक भूमिका चोख होती, पण नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर नेटवर्कवरून आणायचं, म्हणजे विहिरीतून दोर काढायला दोर हवा. अखेर २०२२ मध्ये डेबियनकरांनी मतदान घेतलं आणि २०२३ च्या आवृत्तीपासून फर्मवेअर मूळ संचातच येऊ लागलं. जुन्या आवृत्तीवर असाल तर रोजनिशीत फर्मवेअर न मिळाल्याची ओळ शोधा. ती दिसली की ड्रायव्हर शोधत बसू नये.

वाचनालयात हे काहीच नव्हतं. कार्ड यादीत होतं, ड्रायव्हर ताब्यात होता, पाठीमागचा हिरवा दिवाही लागत होता. मग 'डिटेक्ट होत नाही' म्हणजे काय? तंत्रज्ञानं 'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा देऊन पाहिलं होतं आणि तिथं कार्ड दिसलं नव्हतं. पण ती आज्ञा फक्त चालू केलेली दारं दाखवते. तिला '-ए' जोडलं की बंद दारंही दिसतात. ते जोडल्यावर कार्ड दिसलं. त्याचं नाव मात्र 'ईथ-१' होतं, आणि वाचनालयाच्या सगळ्या जोडण्या 'ईथ-०' या नावावर लिहिलेल्या होत्या.

मशीनमध्ये कार्ड एकच, मग ईथ-० कोण? तिसरी वही इथं आहे. त्या काळच्या लिनक्समध्ये 'यूडेव्ह' नावाची व्यवस्था '७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स' या फाइलीत लिहून ठेवी की अमुक मॅक पत्त्याच्या कार्डाला अमुक नाव दिलं. हेतू चांगला : दोन कार्डं असली तर त्यांची अदलाबदल होऊ नये. पण जळालेलं कार्ड काढलं म्हणून ही वही आपण होऊन बदलत नाही. विजेत गेलेल्या पोर्टाचा मॅक पत्ता ईथ-० च्या नावापुढे तसाच होता, म्हणून नव्या कार्डाला पुढचं नाव मिळालं. रोजनिशीत तसं स्वच्छ लिहिलेलंही होतं : ईथ-० चं नाव बदलून ईथ-१ केलं.

महसुली दप्तर पाहिलेल्यांना हे नवं नाही. सातबाऱ्यावर मयत खातेदाराचं नाव कायम, वारस जमीन कसतो आहे, पण फेरफार झालेला नाही म्हणून सोसायटी त्याला कर्ज देत नाही. वारस अनोळखी आहे का? सगळा गाव त्याला ओळखतो. संगणकानं वाचनालयातलं कार्ड पहिल्याच क्षणी ओळखलं होतं. त्याच्यासाठी मयताची जागा मोकळी केली नव्हती, इतकंच. फाइलीतली पहिली ओळ काढली, दुसऱ्या ओळीत १ चा ० केला, यंत्र पुन्हा सुरू केलं. टेबलावरच्या संगणकांनी पुस्तकांचे पत्ते सांगायला सुरुवात केली. भंगाराचा ठराव बारगळला.

मनाचा पत्ता घेणाऱ्या एनफोर्सच्या बोर्डांवर हीच वही रोज फुगत जायची. दर वेळी नवा मॅक, म्हणून दर वेळी नवं नाव : ईथ-१, ईथ-२, ईथ-३. सकाळी चालणारं नेटवर्क रात्री मेलेलं. २०१३ पासून 'सिस्टिमडी'नं नावं कार्डाच्या खाचेवरून द्यायला सुरुवात केली, 'ईएनपी३एस०' अशी. माणसाच्या नावाऐवजी घरनंबर. उच्चाराला ही नावं भयानक आहेत, पण कार्ड जळालं आणि त्याच खाचेत दुसरं बसवलं तर नाव तेच राहतं. दप्तराच्या दृष्टीनं मला ही सुधारणा पटते. मात्र जुन्या यंत्रावर नवी आवृत्ती घातली की ईथ-० वर लिहिलेलं सगळं अडतं, आणि पुन्हा तेच वाक्य ऐकू येतं.

या सगळ्या कथनाला एक मोठा अपवाद आहे. २००८ च्या शरदात लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चाचण्या चालू असताना इंटेलच्या काही कार्डांची ओळख खरोखरच पुसली गेली. 'ई१०००ई' या ड्रायव्हरनं चालणाऱ्या या कार्डांच्या पोटातली ती पाटी, म्हणजे मॅक पत्ता आणि मांडणी साठवणारी कायमची स्मृती, खराब होऊ लागली. यंत्र बंद करून चालू केल्यानं ती परत येत नव्हती. चाचणी-आवृत्त्या वापरणाऱ्यांना इशारे दिले गेले. संशय साहजिकच नेटवर्क ड्रायव्हरवर. पण गुन्हेगार दुसऱ्याच वाड्यातला निघाला : कर्नलच्या आतल्या कामाचा माग ठेवणारं 'एफट्रेस' हे साधन. ते काही आज्ञांच्या जागा टिपून ठेवी आणि नंतर तिथं बदल करी. मधल्या काळात त्यातल्या काही जागा रिकाम्या होऊन दुसऱ्या कामाला दिल्या जात, आणि कधी ती नवी भाडेकरू म्हणजे नेमकी कार्डाच्या स्मृतीकडे जाणारी खिडकी असे. एफट्रेस जुन्या पत्त्यावर लिहायला जाई आणि ते लिहिणं कार्डाच्या पाटीवर उमटे. आधी ड्रायव्हरमध्ये पाटीला कुलूप घातलं गेलं. ऑक्टोबरमध्ये मूळ कारण सापडलं आणि २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद करण्यात आला.

अशा वेळी कर्नलच्या वह्या कितीही दुरुस्त केल्या तरी उपयोग नसतो. ज्यांच्याकडे पाटीची नक्कल होती, त्यांना ती परत लिहिण्याचा मार्ग उरला. 'ईथटूल' या साधनाला '-ई' सांगितलं की ती नक्कल पडद्यावर येते. ज्या कार्डांत ही सोय आहे, त्यांची मी ती काढून ठेवतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२-बिट यंत्रांसाठी कर्नल आणि स्थापनेचा संच देणंही थांबलं, त्यामुळे अशी यंत्रं आहे त्या आवृत्तीवरच चालवावी लागणार. ती इंटरनेटला थेट जोडू नयेत, आतल्या आत वापरावीत. आणि कार्डाचे दोन आकडे, मॅक पत्ता, खाच, ड्रायव्हरचं नाव आणि वापरातलं ईथ, एवढं एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावं. चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते, खळ बरी.